पदभ्रमण निवारा (खासगी जमिनीवरील)

पदभ्रमण निवारा म्हणजे लांब पल्ल्याच्या पायवाटेने चालणाऱ्यांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी बांधलेली साधी, बहुधा विनामूल्य आणि रखवालदार नसलेली वास्तू होय. अमेरिकेच्या पूर्व भागात, विशेषतः अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या परिसरात, असे निवारे शेकडोंच्या संख्येने आहेत. त्यांपैकी बहुतेक सार्वजनिक वनांत व उद्यानांत असले, तरी काही पायवाटा आजही शेतकरी, लाकूड कंपन्या आणि घरमालक यांच्या जमिनींतून जातात. अशा ठिकाणी निवारा उभारायचा तर मालकाच्या संमतीवाचून एक खुंटीही रोवता येत नाही. या लेखात खासगी जमिनीवरील निवाऱ्याची पार्श्वभूमी, त्याची कायदेशीर बाजू आणि बांधणी यांची माहिती दिली आहे.

स्वरूप

या निवाऱ्याला तिकडे ‘लीन-टू’ असे म्हणतात. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू पूर्ण उघडी, मागे उतरत गेलेले छप्पर आणि जमिनीपासून उचललेली लाकडी फळ्यांची झोपण्याची जागा, एवढाच त्याचा संसार. दार, खिडकी, वीज, खाट यांपैकी काहीही नसते. महाराष्ट्रातील वाचकाने गावाबाहेरच्या एस.टी. थांब्याची शेड डोळ्यांसमोर आणावी. बाकाच्या जागी सलग फळ्यांची बैठक कल्पिली की चित्र पुरे होते. सामान्यतः सहा ते आठ माणसे शेजारी शेजारी झोपू शकतात. फळ्यांच्या पुढच्या कडेला बसण्याजोगा एक जाड ओंडका आडवा असतो. बूट काढणे, स्वयंपाक करणे, गप्पा मारणे हे सारे त्यावरच चालते.

या रचनेचा उगम न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतात मानला जातो. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांना व मासेमारांना रानात नेणारे वाटाडे झाडांच्या साली आणि फांद्या वापरून असे आडोसे करीत. समोर शेकोटी पेटवली की तिची ऊब उतरत्या छपराखाली कोंडली जाई. पुढे सालींची जागा ओंडक्यांनी घेतली व तात्पुरत्या आडोशाची कायमची वास्तू झाली.

इतिहास

व्हरमाँट राज्यातील ‘लाँग ट्रेल’ ही अमेरिकेतील पहिली लांब पल्ल्याची पायवाट समजली जाते. ती आखणाऱ्या ग्रीन माउंटन क्लबची स्थापना १९१० साली झाली आणि सुमारे ४३८ किलोमीटरची ही वाट १९३० साली पूर्ण झाली. दरम्यान १९२१ साली वनशास्त्रज्ञ व नियोजनकार बेंटन मॅके यांनी वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात लेख लिहून संपूर्ण अ‍ॅपलेशियन रांगेवरून जाणाऱ्या पायवाटेची कल्पना मांडली. एका दिवसाच्या आरामशीर चालीइतक्या अंतरावर मुक्कामाचे तळ असावेत, हा त्या प्रस्तावाचा अविभाज्य भाग होता. वाट आधी आणि निवारा नंतर, असा क्रम मॅके यांच्या मनात नव्हता.

अ‍ॅपलेशियन ट्रेल १९३७ साली सलग झाली. जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिनपर्यंत, चौदा राज्यांतून जाणाऱ्या या वाटेची लांबी आज सुमारे ३,५०० किलोमीटर असून तिच्यावर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. त्यांतील कित्येक जुने निवारे १९३३ ते १९४२ या काळात मंदीग्रस्त तरुणांना काम देणाऱ्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी योजनेतून बांधले गेले.

वाटेचे मोठे भाग मात्र दीर्घकाळ खासगी जमिनींतून जात होते आणि त्यांचा आधार होता तो मालकाने तोंडी दिलेला शब्द. जमीन विकली गेली, वारसांत वाटली गेली किंवा तिच्यावर घरे उठली की तो शब्द संपे; वाट मोटाररस्त्यावर ढकलली जाई आणि निवारा एकतर वाटेपासून तुटे, नाहीतर पाडला जाई. १९६८ साली राष्ट्रीय पायवाट कायदा झाला. त्यातील १९७८ च्या दुरुस्तीने अ‍ॅपलेशियन ट्रेलच्या दुतर्फा जमीन घेण्यासाठी नऊ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची मुभा दिली. आज या वाटेचा जवळजवळ सर्व भाग सार्वजनिक मालकीच्या किंवा अन्य प्रकारे संरक्षित पट्ट्यात आहे. लाँग ट्रेलवर हाच प्रश्न १९८६ साली उभा राहिला. वाटेलगतच्या वनजमिनी विक्रीस निघाल्याचे कळताच ग्रीन माउंटन क्लबने वर्गणी गोळा करून जमिनी व हक्क विकत घेण्याची मोहीम सुरू केली.

अन्यत्र हा प्रश्न संपलेला नाही. न्यूयॉर्कमधील सुमारे ९३० किलोमीटरची फिंगर लेक्स ट्रेल आणि विस्कॉन्सिनमधील आइस एज ट्रेल यांचे मोठे भाग अजूनही खासगी मालकांच्या सौजन्यावर चालतात.

संमतीचे प्रकार

निवाऱ्याचे आयुष्य लाकडापेक्षा कागदावर अधिक अवलंबून असते. नीट बांधलेला ओंडक्यांचा निवारा पन्नास वर्षे टिकतो. तोंडी परवानगी मात्र मालकाच्या मनात असेल तोवरच टिकते. म्हणून बांधणीपूर्वी संमती कोणत्या प्रकारची आहे हे ठरवणे हे पहिले काम होय.

सर्वांत दुबळा प्रकार म्हणजे नुसता शब्द. नुसत्या पायवाटेसाठी तो चालू शकतो, कारण वाट आज इकडून तर उद्या तिकडून नेता येते. निवाऱ्याचे तसे नाही. त्याहून बरा प्रकार म्हणजे लेखी अनुज्ञप्ती. तीत निवारा कोण बांधणार, दुरुस्ती कोण करणार, शेकोटीस व कुत्र्यांस मुभा आहे काय, शिकारीच्या हंगामात वाट बंद राहील काय आणि परवानगी मागे घेतल्यास सामान हलवायला किती मुदत मिळेल, हे नमूद केलेले असते. तरीही ही अनुज्ञप्ती व्यक्तिगतच असते. जमीन विकली की नवा मालक तिने बांधला जाईलच असे नाही.

तिसरा व सर्वांत टिकाऊ प्रकार सुविधाधिकाराचा. मालकी मूळ मालकाकडेच राहते, परंतु जमिनीच्या ठरावीक पट्ट्यातून जाण्याचा व तेथे निवारा ठेवण्याचा हक्क संस्थेला नोंदणीकृत दस्ताने मिळतो आणि तो जमिनीबरोबर पुढील मालकांकडे जातो. मालकाला हा निर्णय जड जातो, कारण जमिनीची किंमत त्यामुळे कमी होऊ शकते.

अनुज्ञप्ती व सुविधाधिकार यांतील हा भेद भारतीय वाचकाला परका नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ यात दोहोंच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. त्याच्या कलम ६० नुसार अनुज्ञप्ती सामान्यतः रद्द करता येते. मात्र अनुज्ञप्तीच्या आधारे कोणी खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर ती रद्द करता येत नाही. अमेरिकेतील काही राज्यांची न्यायालयेही अशाच विचाराने निर्णय देतात, परंतु सर्व राज्यांत तसे नाही. शिवाय ज्या मालकाने आपुलकीने जागा दिली त्याच्याशी न्यायालयात भांडणारी संस्था पुढच्या मालकाचे दार वाजवू शकत नाही, हे व्यवहारज्ञान कायद्याहून मोठे ठरते.

लोक वर्षानुवर्षे ये-जा करू लागले तर आपल्या जमिनीवर कायमचा वहिवाटीचा हक्क निर्माण होईल, ही मालकांची जुनी धास्ती आहे. प्रत्यक्षात असा हक्क परवानगीविना झालेल्या वापरातून उद्भवतो. परवानगीने होणाऱ्या वापरातून नव्हे. त्यामुळे लेखी संमती संस्थेइतकीच मालकाच्याही हिताची असते. काही मालक खबरदारी म्हणून वर्षातून एक दिवस वाट बंद ठेवतात.

मालकाचे दायित्व

एखादा पांथस्थ निवाऱ्याच्या पायरीवरून पडला तर भरपाई कोणी द्यावी, हा मालकांचा नेहमीचा प्रश्न असतो. अमेरिकेतील सर्व पन्नास राज्यांत यासाठी विशेष कायदे आहेत. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका नमुना कायद्यानंतर त्यांचा प्रसार झाला. तपशील राज्यागणिक वेगळे असले तरी त्यांचे सार असे, की जो मालक आपली जमीन लोकांना विरंगुळ्यासाठी विनामूल्य वापरू देतो, त्याच्यावर ती सुरक्षित राखण्याची किंवा धोक्याची सूचना देण्याची सामान्य जबाबदारी राहत नाही. ठाऊक असलेला धोका जाणूनबुजून दडवणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही.

यातील ‘विनामूल्य’ हा शब्द कळीचा आहे. मुक्कामाचे शुल्क घेतले की संरक्षण बहुधा संपते आणि मालक खानावळ किंवा वसतिगृह चालवणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. ऐच्छिक देणगीची पेटीदेखील ठेवण्यापूर्वी वकिलाला विचारावे लागते. काही राज्यांच्या कायद्यांत संरक्षित क्रीडाप्रकारांची यादी असते; तीत चालणे असले तरी रात्रीचा मुक्काम असेलच असे नाही. म्हणून पायवाट संस्था स्वतःचा दायित्व विमा उतरवतात. स्थानिक बांधकाम परवाना आणि शौचालयासंबंधीचे आरोग्य नियम यांची चौकशीही ओंडका तोडण्यापूर्वीच करावी लागते.

जागेची निवड

जुने निवारे झऱ्याला खेटून बांधले जात. त्यामुळे पाणी हाताशी येई, पण सांडपाणी व विष्ठा झऱ्यात उतरे. आता पाण्यापासून किमान ६० मीटर अंतर राखण्याचा संकेत आहे. मोटाररस्त्याजवळची जागाही टाळतात, कारण तेथे पांथस्थांपेक्षा रात्रीच्या पार्ट्या करणारेच जास्त येतात आणि अशा एका रात्रीनंतर मालक परवानगी मागे घेतो. मालकाच्या घरातून निवारा दिसू नये, हेही पाहिले जाते.

उघडी बाजू वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेकडे नसावी. वायव्येकडून वारे येणाऱ्या भागांत ती दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवतात. जमीन किंचित उताराची असावी म्हणजे पाणी साचत नाही. सभोवतालच्या झाडांची पाहणी अत्यंत महत्त्वाची आहे. वाळलेले झाड किंवा वर अडकलेली फांदी झोपलेल्या माणसांवर कोसळू शकते. अमेरिकेत २००२ साली आढळलेल्या पाचू रंगाच्या परदेशी भुंग्याने ॲश वृक्षांचा मोठ्या प्रमाणावर नाश केल्यापासून हा धोका वाढला आहे.

बांधणी

थंड प्रदेशात जमिनीतील पाणी हिवाळ्यात गोठते आणि माती फुगून पाया उचलते. खोल काँक्रीटचा पाया रानात नेणे अवघड असल्यामुळे निवारा बहुधा मोठ्या सपाट दगडांवर ठेवतात. एखादा कोपरा खचला तर जॅक लावून तो पुन्हा समपातळीत आणता येतो.

भिंतींसाठी जवळपास मिळणारे देवदार वर्गातील ओंडके वापरतात. साल काढणे आवश्यक असते, कारण सालीखाली ओल व कीड राहते. कोपऱ्यांवर वरच्या ओंडक्याच्या पोटाला खाच घेऊन तो खालच्यावर बसवतात. खाच खालच्या अंगाला ठेवण्यामागे कारण आहे: वरच्या अंगाला घेतली तर तिच्यात पाणी साचून लाकूड कुजते. दक्षिणेकडील काही जुने निवारे अमेरिकन चेस्टनटच्या लाकडाचे आहेत. हे लाकूड कुजण्यास विलक्षण दाद देत नसे, परंतु १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने त्या वृक्षांची रानेच नाहीशी केली आणि तसे लाकूड आता मिळत नाही.

छपराला पन्हळी पत्रा किंवा लाकडी कौले घालतात. पत्रा वाहून नेण्यास हलका व टिकाऊ. पावसाचा आवाज मात्र त्याखाली झोपणाऱ्याला सहन करावा लागतो. छपराची पुढची झडप पुरेशी बाहेर काढली नाही तर तिरप्या पावसाने बैठक भिजते. घाईत बांधलेल्या निवाऱ्यांत नेहमी आढळणारा दोष हाच.

बरेच गट संपूर्ण निवारा आधी गावातील मोकळ्या आवारात जुळवतात, प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक घालतात, तो सुटा करतात आणि मग जागेवर पुन्हा उभारतात. चुका गावातच सुधारतात व रानातील दिवस वाचतात. अतिदुर्गम ठिकाणी सामान हेलिकॉप्टरने उतरवल्याचीही उदाहरणे आहेत. एरवी स्वयंसेवकांचे खांदे हेच वाहन.

शौचालय व प्राणी

निवारा बांधून शौचालय न बांधणे म्हणजे अर्धे काम. खड्ड्याच्या शौचालयाऐवजी आता जमिनीच्या वर लाकडी चौकटीत मैला साठवून त्यात भुसा किंवा पालापाचोळा मिसळण्याची पद्धत रूढ होत आहे. गांडुळे व सूक्ष्मजीव त्याचे हळूहळू खत करतात.

उंदीर हे प्रत्येक निवाऱ्याचे कायमचे रहिवासी. अन्नाची पिशवी टांगण्याच्या दोरीवर मध्येच एक पालथा डबा ओवलेला असतो. उंदीर उतरत येतो आणि डब्यावरून घसरतो. अस्वलांसाठी मात्र वेगळी सोय लागते: उंचावरून ताणलेली तार किंवा लोखंडी पेटी.

देखभाल आणि निवारा हलवणे

प्रत्येक निवाऱ्याची जबाबदारी एका स्वयंसेवकाकडे किंवा छोट्या गटाकडे असते. छप्पर झाडणे, गटार मोकळे करणे, कचरा उचलणे, कुजलेली फळी बदलणे ही वर्षभराची कामे होत. निवाऱ्यात एक नोंदवही ठेवलेली असते. तीत पांथस्थ तारीख, कोठून आलो, कोठे चाललो हे लिहितात, व्यंगचित्रे काढतात, पुढच्यांसाठी निरोप ठेवतात. कोणी हरवल्यास शोधपथक प्रथम हीच वही उघडते. जमीनमालकालाही ती दाखवण्याचा प्रघात चांगला आहे, कारण आपल्या रानात कोण येऊन गेले हे त्याला एरवी कळण्याचे साधन नसते.

परवानगी संपल्यास निवारा हलवावा लागतो. जमिनीला पक्की जोडलेली वास्तू सामान्यतः जमिनीबरोबरच नव्या मालकाकडे जाते. यासाठी निवारा संस्थेच्या मालकीचा असून तो काढून नेता येईल, असे कलम मूळ करारात घालतात. दगडांवर नुसत्या टेकलेल्या, क्रमांक घातलेल्या ओंडक्यांच्या रचनेचा येथे दुहेरी उपयोग होतो. छप्पर उतरवून ओंडके उलट्या क्रमाने सुटे करतात, शौचालयाची जागा मातीने भरतात, शेकोटीचे दगड पांगवतात आणि नव्या जागेची संमती मिळेपर्यंत ओंडके एखाद्या गोठ्यात पत्र्याखाली रचून ठेवतात.