रयतवारी पद्धत (पुणे जिल्हा)

रयतवारी पद्धत ही ब्रिटिश राजवटीतील जमीन महसुलाची एक पद्धत असून तीत सरकार मध्यस्थ जमीनदाराऐवजी थेट शेतकऱ्याकडून सारा घेत असे. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर ती पुणे जिल्ह्यात रूढ झाली. रॉबर्ट प्रिंगल यांच्या पाहणीनुसार निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरला. तो न पेलल्याने अनेक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीच्या प्रतीनुसार ३० वर्षांसाठी सारा निश्चित केला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात विस्तारली.

आजच्या प्रशासनावरील प्रभाव

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेची जागा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने घेतली. तथापि जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी ही उतरंड कायम राहिली. सारावसुलीसाठी निर्माण झालेल्या पदावरील जिल्हाधिकारी आज जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव असतात. दुष्काळ ठरवताना अनेक दशके वापरली गेलेली पैसेवारी, म्हणजे पूर्वीची आणेवारी, हीदेखील महसूल व्यवस्थेचीच देणगी होय.

मर्यादा

सारा कोणी भरावा हे ठरवणे, हा या नोंदींचा मूळ हेतू होता. आज पीककर्ज व नुकसानभरपाई यांसाठी प्रामुख्याने सातबारा उताराच पाहिला जातो. त्यामुळे तोंडी कराराने जमीन कसणारे, तसेच उताऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रिया प्रत्यक्ष राबत असूनही शासकीय मदतीपासून वंचित राहू शकतात.