ओर्व्हिएतो कॅथेड्रल: कड्यावर वसलेल्या शहरातल्या या भव्य चर्चपर्यंत पोहोचायचं कसं?

रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधोमध, इटलीच्या उंब्रिया प्रांतात ओर्व्हिएतो नावाचं छोटंसं शहर आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती आणि सोनेरी मोझेकची दर्शनी बाजू असलेलं इथलं कॅथेड्रल जगभर प्रसिद्ध आहे. पण रेल्वेतून उतरणाऱ्या प्रवाशाला समोर दिसतो तो फक्त खडकाचा उभा कडा. शहर त्या कड्याच्या माथ्यावर आहे आणि रेल्वे स्टेशन पायथ्याशी.

रोमहून एका दिवसात जाऊन परत येणाऱ्यांसाठी हा शेवटचा टप्पा महत्त्वाचा ठरतो. तिथे गोंधळ झाला, तर कॅथेड्रलसाठी ठेवलेला वेळ रस्त्यातच जातो.

हे कॅथेड्रल इतकं महत्त्वाचं का?

कॅथेड्रल म्हणजे त्या भागाच्या बिशपचं मुख्य चर्च. इटालियनमध्ये त्याला 'दुओमो' म्हणतात आणि शहरातल्या पाट्यांवरही हाच शब्द दिसतो.

ओर्व्हिएतोच्या दुओमोची पायाभरणी १२९० साली पोप निकोलस चौथे यांच्या हस्ते झाली. पुढे वास्तुविशारद लोरेन्झो माइतानी यांनी बांधकामाला दिशा दिली. त्यानंतरही काम पिढ्यानपिढ्या सुरू राहिलं.

आत दोन चॅपल खास पाहण्यासारखी आहेत. सान ब्रिझिओ चॅपलमधली चित्रं फ्रा अँजेलिको यांनी १४४७ साली सुरू केली. अर्धवट राहिलेलं ते काम लुका सिन्योरेल्ली यांनी १४९९ नंतर हाती घेतलं. जगाचा अंत आणि अखेरचा न्याय हा त्यांचा विषय आहे. दुसऱ्या चॅपलमध्ये एक वस्त्र जपून ठेवलेलं आहे. १२६३ साली जवळच्या बोल्सेना गावात प्रार्थनेच्या वेळी पवित्र भाकरीतून रक्त आलं आणि ते या वस्त्रावर सांडलं, अशी श्रद्धा आहे.

रोमहून कसं जायचं?

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून ओर्व्हिएतोला थेट गाड्या आहेत. प्रादेशिक गाडीला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. फ्लॉरेन्सहूनही गाड्या मिळतात, पण वेळ जास्त लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रोम-फ्लॉरेन्स धावणाऱ्या बहुतेक अतिवेगवान गाड्या ओर्व्हिएतोला थांबत नाहीत. त्यामुळे तिकीट काढताना प्रादेशिक किंवा इंटरसिटी गाडी निवडावी लागते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल, तर गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यावा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

स्टेशनवरून वर कसं जायचं?

स्टेशनच्या बरोबर समोर फनिक्युलरचं स्थानक आहे. नाशिकजवळच्या सप्तशृंगी गडावर फनिक्युलर ट्रॉलीने गेलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. केबलला जोडलेले दोन डबे एकाच वेळी निघतात, एक वर जातो आणि दुसरा खाली येतो. ओर्व्हिएतोचा हा मार्ग सुमारे ५८० मीटर लांबीचा असून माथ्यावर पोहोचायला काही मिनिटंच लागतात.

फनिक्युलर पियाझ्झा काहेन या चौकात सोडते. तिथून कॅथेड्रलपर्यंत दोन पर्याय आहेत:

- बस: चौकातून लहान बस थेट पियाझ्झा दुओमोला, म्हणजे कॅथेड्रलच्या समोर जाते. फनिक्युलरचं तिकीट ठरावीक वेळेत या बसलाही चालतं, त्यामुळे ते फेकून देऊ नये.
- पायी: कोर्सो कावूर या मुख्य रस्त्याने चालत राहायचं. मोरो टॉवर हा उंच चौकोनी मनोरा आला की डावीकडे व्हिया देल दुओमो या गल्लीत वळायचं. एकूण १५ ते २० मिनिटं लागतात.

गाडीने जाणाऱ्यांनी काय करावं?

रोम ते फ्लॉरेन्स जाणाऱ्या ए-१ महामार्गावर ओर्व्हिएतोसाठी स्वतंत्र एक्झिट आहे. मात्र जुन्या शहराच्या मोठ्या भागात बाहेरच्या गाड्यांना मर्यादित प्रवेश आहे. 'झेड-टी-एल' लिहिलेल्या पाटीच्या पुढे परवानगीशिवाय गेल्यास दंडाची पावती येऊ शकते. गाडी भाड्याची असेल, तर ती पावती भाडेकंपनीमार्फत प्रवाशापर्यंत पोहोचते.

सोपा मार्ग म्हणजे स्टेशनजवळ गाडी लावून फनिक्युलर पकडणं. दुसरा पर्याय पश्चिमेकडच्या काम्पो देल्ला फिएरा पार्किंगचा. तिथून सरकते जिने आणि लिफ्ट थेट जुन्या शहरात नेतात.

एवढी व्यवस्था कशासाठी?

याचं उत्तर खडकातच आहे. शहर ज्या कड्यावर उभं आहे तो टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला तुलनेने मऊ दगड आहे. एट्रस्कन काळापासून लोकांनी तो कोरून विहिरी, तळघरं आणि भुयारं केली. शहराखाली अशा हजाराहून जास्त पोकळ्या आहेत.

पहिली फनिक्युलर १८८८ साली सुरू झाली, ती पाण्यावर चालायची. वरच्या डब्याची टाकी भरली की त्याच्या वजनाने तो खाली यायचा आणि खालचा डबा वर ओढला जायचा. १९७० साली ती बंद पडली. त्याच दशकात कडे ढासळण्याचा धोका गंभीर झाला आणि १९७८ साली इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतो आणि तोदी या दोन शहरांसाठी खास कायदा केला. कड्यांना आधार देण्याची कामं झाली, सांडपाण्याच्या वाहिन्या सुधारल्या. सोबतच माथ्यावरची वाहनांची गर्दी कमी करण्याची योजनाही आखली गेली. १९९० साली फनिक्युलर विजेवर पुन्हा सुरू झाली, ती या योजनेचाच भाग म्हणून.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

- आत जायला तिकीट लागतं. तिकीट खिडकी कॅथेड्रलसमोरच्या चौकात आहे.
- खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालावेत.
- रविवारी आणि सणाच्या दिवशी प्रार्थनेमुळे पर्यटकांसाठीच्या वेळा बदलतात. त्या दिवसाची वेळ आधी तपासून घ्यावी.
- दर्शनी बाजूवर दुपारनंतर ऊन येतं आणि सोनेरी मोझेक तेव्हा जास्त खुलतं.
- फनिक्युलर रात्रभर चालत नाही. परतीची गाडी उशिराची असेल, तर शेवटच्या फेरीची वेळ वर पोहोचताच पाहून ठेवावी.
- परतताना थोडा वेळ उरला, तर पियाझ्झा काहेनजवळची सोळाव्या शतकातली सान पात्रिझिओ विहीर पाहता येते. तिच्यात उतरायला आणि वर यायला दोन वेगळे गोल जिने आहेत. पाणी वाहणारी गाढवं एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत, म्हणून ही रचना केलेली होती. मात्र पायऱ्या २४८ आहेत आणि उतरलेल्या सगळ्या पुन्हा चढाव्या लागतात.