दुपट्यातले जीवाणू

परवा एका मित्राचा फोन आला. घरात नवं बाळ, सिझेरियन झालेलं. अभिनंदन वगैरे झाल्यावर हळूच म्हणाला, "अरे, सिझेरियनच्या बाळांना आईकडचे चांगले जीवाणू मिळत नाहीत, आणि मग मेंदूवर परिणाम होतो म्हणे. खरंय का?" त्याची बायको दोन रात्री याच विचाराने रडत होती. मी काही डॉक्टर नाही, पण शनिवार-रविवार वाचत बसलो. हाती लागली ती जवळजवळ दीडशे वर्षांची गोष्ट, आणि ती सुरू होते चक्क बाळाच्या दुपट्यात!

१८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशरिश नावाचा बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. (हसू नका. ई-कोलायमधला 'ई' म्हणजे हाच एशरिश.) त्याला दिसलं की जन्मानंतर काही तासांतच आतड्यात जंतूंची वस्ती सुरू होते. पुढे १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंरी तिसियेला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला एक जंतू सापडला. तोच आपला बायफिडोबॅक्टेरियम. गंमत म्हणजे आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या असतात या जंतूंसाठी! म्हणजे आई बाळाबरोबर त्याच्या भाडेकरूंनाही जेवू घालते.

पण त्या काळात जास्त बोलबाला झाला तो दुसऱ्याच कल्पनेचा : मोठ्या आतड्यात घाण सडते आणि तिचं विष अंगात भिनतं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने १९०७ ते १९३० या आपल्या कारकिर्दीत ही कल्पना पार टोकाला नेली. वेड म्हणजे शरीरात कुठेतरी दडलेला जंतुसंसर्ग, असं म्हणून त्याने रुग्णांचे दात उपटले, टॉन्सिल काढले, आणि तेवढ्याने भागलं नाही तेव्हा मोठी आतडी कापली. प्रतिजैविकं यायच्या आधीचा काळ तो. आतड्याच्या शस्त्रक्रियेत त्याच्या स्वतःच्याच हिशेबाने शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. १९२४ मध्ये फिलिस ग्रीनेकर या डॉक्टरबाईंनी तपास सुरू केला. त्यांना दिसलेलं चित्र कॉटनच्या दाव्यांच्या अगदी उलट होतं. पण तो अहवाल दाबला गेला.

त्यानंतर मनाचे डॉक्टर आतड्यापासून चार हात लांब राहिले, यात नवल नाही.

विषय नव्याने पुढे आला तो २००४ मध्ये, जपानच्या क्यूशू विद्यापीठात. नोबुयुकी सुदो आणि सहकाऱ्यांनी पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांना तासभर अडकवून ठेवलं. साध्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात ताणाची हार्मोन्स जास्त उसळली. आतड्यात फक्त बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस, म्हणजे तिसियेच्याच जंतूचा भाऊबंद, घेऊन वाढलेल्या उंदरांमध्ये मात्र तसं झालं नाही. आणि कळीचा मुद्दा : जंतुमुक्त उंदरांना लहान वयात नेहमीच्या उंदरांचे जंतू दिले तर प्रतिसाद थोडाफार ताळ्यावर यायचा, मोठेपणी दिले तर नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर काही सेटिंग्ज फक्त इन्स्टॉलेशनच्या वेळीच बदलता येतात.

आतड्यातल्या गोष्टी मेंदूपर्यंत पोचतात कशा? एक वाट सापडली २०११ मध्ये. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस खाऊ घातला, तर त्यांची भीती कमी झाली. पण आतड्याला मेंदूशी जोडणारी व्हेगस नस कापल्यावर तोच जंतू निष्प्रभ ठरला.

मग मित्राची बायको घाबरली ते बरोबरच, नाही का?

थांबा. हे सगळे उंदीर आहेत, आणि त्यातले जपानमधले तर जंतुमुक्त वातावरणात वाढलेले. त्यांच्या आतड्यात एकही जंतू नसतो. असं माणसाचं बाळ जगात नसतं. सिझेरियनच्या बाळाच्या आतड्यातली सुरुवातीची वस्ती वेगळी असते हे खरं, पण हा फरक पुढच्या महिन्यांत बराच कमी होतो. शिवाय २०१५ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे २७ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वरवर पाहता सिझेरियनच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण थोडं जास्त दिसत होतं. पण सख्ख्या भावंडांचीच आपापसांत तुलना केल्यावर तो फरक नाहीसा झाला. म्हणजे कारण सिझेरियन नव्हतं, त्या कुटुंबांमधलंच दुसरं काहीतरी होतं.

कॉटनकडेही एक कल्पना होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. आतडं आणि मन यांचं नातं आहेच. चूक झाली ती अर्धवट माहितीवर माणसांना कापायला घेण्यात. आज कोणी आतडी कापत नाही, पण तसल्याच अर्धवट माहितीवर ओल्या बाळंतिणीला अपराधी ठरवणं हा त्याच सुरीचा बोथट प्रकार झाला.

असो. मित्राला रात्री फोन करून एवढंच सांगितलं : बाळाला मांडीवर घ्या, जमेल तेवढं अंगावर पाजा, औषधाचं काय ते डॉक्टरांना विचारा, आणि वहिनींना आज शांत झोपू दे.