काशीला न गेलेल्या बायका

आजचा भाग वाराणसीतून आहे. मी ब्रह्माघाटाजवळच्या एका मराठी घरात उतरले आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. बाहेर गल्लीत सगळे हिंदी बोलतात, घरात मात्र आजही मराठी चालतं.

या शहराचं नाव आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या आजीची एक आत्या लहानपणी विधवा झाली. तिला आधी माहेरी ठेवलं, नंतर सासरी ठेवलं आणि शेवटी काशीला पाठवलं. घरून तिला दरमहा थोडे पैसे यायचे. एका महिन्यात मनीऑर्डर परत आली, तेव्हा ती गेल्याचं घरच्यांना कळलं. तिच्याबद्दल आम्हाला याहून जास्त काही माहीत नाही.

परवा रात्री जेवताना यजमानांच्या नातीनं मला एक प्रश्न विचारला. ती बारावी झाली आहे आणि एका खासगी रुग्णालयात जनरल ड्युटी असिस्टंट म्हणून शिकाऊ उमेदवार आहे. रुग्णाला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, बेडपॅन देणं, ताप बघणं, एक्स-रेला नेऊन आणणं ही तिची कामं. ती म्हणाली, "मावशी, तीन वर्षं इथंच काढली तर मी सिस्टर होईन ना?"

आजचा भाग या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. पण उत्तर नीट कळायचं तर सव्वाशे वर्षं मागं जावं लागेल.

काशीवास म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. काशीत मेलं की मोक्ष, ही श्रद्धा. त्या श्रद्धेपोटी अनेक जण आपणहून इथं आले. पण कित्येक विधवांच्या बाबतीत घरच्यांचीही सोय त्यात होती. अन्नछत्रात जेवायचं, गंगेत स्नान करायचं, देवदर्शन करायचं आणि वाट पाहायची. या बाईला काही काम करता येईल, काही शिकता येईल, हा विचारच कुणाच्या मनात येत नव्हता.

म्हातारपणी आजारी पडल्यावर त्यांचं काय व्हायचं, हे एका घटनेवरून कळतं. १९०० साली याच शहरात एक म्हातारी रस्त्याच्या कडेला मरणाच्या दारात पडलेली होती. जामिनीरंजन मजुमदार नावाच्या तरुणानं तिला पाहिलं. त्याच्याजवळ पैसे नव्हते. त्यानं एका गृहस्थाकडून चार आणे मागून घेतले आणि तिच्यासाठी दूध आणलं. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी मग असे रुग्ण शोधून त्यांची सेवा सुरू केली. १९०२ साली ते काम रामकृष्ण मिशनकडे गेलं. लक्सा भागातलं मिशनचं सेवाश्रम रुग्णालय तिथूनच सुरू झालं.

शिकलेल्या घरातली ही मुलं. अनोळखी माणसाचं मलमूत्र काढणं हे सोवळ्याओवळ्याच्या या शहरात त्यांनी केलं. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. जे केलं ते करत करतच शिकले.

आता वळूया आपल्याकडे. रुग्णाची शुश्रूषा पूर्वी कोण करायचं? घरातली बाई करायची. बाळंतपण सुईण करायची, इकडे तिला दाई म्हणतात. सुईण आईच्या किंवा सासूच्या हाताखाली शिकायची. शुद्ध उमेदवारीच ती! पण रक्त आणि नाळ अपवित्र मानल्यामुळे हे काम बहुतेक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांवर टाकलेलं होतं. काम अडायचं तिच्यावाचून, आणि तिला उंबऱ्याच्या आत मान नव्हता.

इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा निघाली. तिची पद्धत पुढं जगभर गेली. मुलीनं रुग्णालयातच राहायचं, मेट्रनच्या शिस्तीत वॉर्डात काम करायचं, सोबत व्याख्यानं ऐकायची. त्या बदल्यात राहणं, जेवण आणि थोडा भत्ता. अशा मुलीला प्रोबेशनर म्हणत. म्हणजे आजच्या भाषेत शिकाऊ उमेदवार.

भारतात मद्रासला १८७१ साली आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८८६ साली असं प्रशिक्षण सुरू झालं. नर्सिंगची पाठ्यपुस्तकं उघडलीत, तर १८९१ सालापुढं एक नाव दिसेल : बाई काशीबाई गणपत. प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून त्यांची नोंद आहे. एक ओळ, बस. मला मात्र त्या नावापाशी दर वेळी थांबावंसं वाटतं. आजीची आत्या काशीला गेली, आणि ही काशी वॉर्डात गेली.

त्या काळात किती जणींना हे जमलं? फार थोड्या. सुरुवातीच्या नर्सांमध्ये युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती बायकाच जास्त होत्या. कारणं तुम्हीही सांगाल. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा. रात्रपाळी करायची. कोणत्याही जातीच्या रुग्णाचं बेडपॅन उचलायचं. हिंदू घरातल्या मुलीनं हे करायचं म्हणजे तिचं लग्न होणार नाही, आणि लग्न झालेलं असेल तर नवरा सोडणार नाही. मग उरली कोण? विधवा. तिच्या बाबतीत घराला गमवायला काही नव्हतं, असं समाज मानत होता.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगनं गेल्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, सावित्रीबाईंकडे वैद्यकाचं कोणतंही प्रमाणपत्र नव्हतं. काम करण्याची तयारी असलेल्या बायका आपल्याकडे होत्या. त्यांना शिकवून, पोटाला देऊन, पुढं उभं करणारी व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था पुण्यात रमाबाई रानडे यांनी उभी केली. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. रमाबाई रुग्णालयांत जाऊन रुग्णांना फळं-फुलं देत, त्यांच्याशी बोलत. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथून बायकांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात झाली. प्रत्यक्ष काम शिकायचं ते ससून रुग्णालयात. पण नुसतं पाठवून भागत नव्हतं. बाई रात्रपाळीवरून येणार कुठं? तिला घरात कोण घेणार? म्हणून सेवासदननं वसतिगृहं काढली. त्यांतलं एक खास नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी होतं, एक वैद्यकीय शिकणाऱ्या मुलींसाठी. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत वसतिगृहाला अभ्यासक्रमाइतकंच महत्त्व आहे. वाट कितीही चांगली असो, रात्री झोपायला जागा नसेल तर गरीब बाई त्या वाटेनं जाऊ शकत नाही.

एक प्रसंग सांगते. सेवासदनच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली, जुन्या पद्धतीचं लुगडं नेसलेली एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढली. सभेत कॉलेजची मुलं बसली होती, त्यांनी तिची टर उडवली. तेव्हा रमाबाई उठल्या आणि त्यांनी त्या मुलांना फटकारलं. तुमच्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या किंवा आई असेल, मग शिकून तुम्हाला काय मिळालं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभा गप्प झाली. मला तर ती आत्या आमच्याच घरातली वाटते. ती व्यासपीठावर आली नाही, काशीला गेली, एवढाच फरक.

इथवर गोष्ट छान आहे. पण दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक केली असं होईल.

काम करत शिकण्याच्या या वाटेला फी लागत नव्हती, म्हणून गरीब बाई आत आली. पण रुग्णालयाला त्यातून स्वस्तात हात मिळाले. वॉर्ड चालतो तो शिकणाऱ्या मुलींवर, आणि त्यांना शिकवायला वेळ कुणाला नाही, ही तक्रार नर्सिंगच्या इतिहासात देशोदेशी ऐकू येते. शिवाय एका रुग्णालयाचं प्रशिक्षण दुसरं रुग्णालय मानेलच असं नव्हतं. यावर उपाय होता तो एकच : सरकारमान्य परीक्षा आणि नोंदणी. मद्रासमध्ये १९२६ साली नर्सांच्या नोंदणीचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३५ साली. भोर समितीनं १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात नोंदणीकृत नर्स होत्या साधारण ७,०००. म्हणजे सुमारे ४३,००० माणसांमागं एक! नर्सांचे राहण्याचे हाल, कामाचा भार आणि तुटपुंजा पगार यांवर त्या समितीनं कडक शब्दांत लिहिलं. १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला आणि देशभर एक मोजपट्टी तयार झाली.

नोंदणीनं नर्सला मान दिला. आणि त्याच नोंदणीनं सुईणीला बाहेर ठेवलं. पिढ्यान् पिढ्यांचं कसब हातात असून ती परीक्षेला बसू शकत नव्हती, कारण तिला अक्षरओळख नव्हती. हेही लक्षात ठेवायला हवं.

आता नातीच्या प्रश्नाकडे. मी तिला खरं ते सांगितलं. नाही, नुसती वर्षं काढून तू सिस्टर होणार नाहीस. आज १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यात उमेदवाराला विद्यावेतन देणं बंधनकारक आहे आणि तो कामगार नसून शिकणारा आहे, असं कायदाच म्हणतो. २०१६ च्या केंद्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. जनरल ड्युटी असिस्टंटचं प्रमाणपत्र मिळालं की रुग्णालयात किंवा घरी रुग्ण सांभाळण्याचं काम मिळू शकतं. ते काम सन्मानाचंच आहे. पण नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांची बीएस्सी करावी लागते, आणि मग राज्याच्या कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. वॉर्डात काढलेली वर्षं त्यातून वजा होत नाहीत.

तिला हे कामावर घेताना कुणीच सांगितलं नव्हतं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी वॉर्डात मावशीच राहणार?" महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत आयांना मावशी म्हणतात, हे तिला मीच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

मी म्हटलं, नाही. तू बारावी आहेस. हे वर्ष पुरं कर, हात तयार होतील, हे काम आपल्याला झेपतं का तेही कळेल. पण जीएनएमचा अर्ज यंदाच भर. आणि संस्था निवडताना आधी दोन गोष्टी विचार : कौन्सिलची मान्यता आहे का, आणि वसतिगृह आहे का. दुसरा प्रश्न मी रमाबाईंकडून शिकले.

आजोबा सगळं ऐकत होते. मुलगी बाहेरगावी राहणार म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मला जीएनएमची फी किती असते ते विचारलं. सरकारी संस्थेत खूप कमी असते, एवढं मी सांगितलं. दुपारी आजोबा आणि नात कबीरचौऱ्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशीला गेले.

तुमच्याही घरात, ओळखीत अशी एखादी मुलगी वॉर्डात काम करत असेल. तिला विचारा, पुढची परीक्षा कोणती आणि कधी, हे तुला कुणी सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर आजचा भाग तिच्यापर्यंत पोचवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.