वाळण कोंडाचे मासे

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून वाहणाऱ्या नद्यांचें आयुष्य दोन अगदीं भिन्न ऋतूंत विभागलेलें आहे. महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडाकडे येणारी सावित्री, आणि रायगडाच्या परिसरांतून वाहत येणाऱ्या काळ व गांधारी या नद्या आषाढश्रावणांत इतक्या उग्र होतात कीं, त्यांच्या काठचा मनुष्य रात्रीं निर्धास्त झोंपत नाहीं. २०२१ च्या जुलै महिन्यांत महाड शहरांत शिरलेलें पाणी तेथील लोक अद्याप विसरलेले नाहींत. परंतु फाल्गुन उजाडला कीं, याच नद्यांत गुडघाभर पाणी उरतें आणि वैशाखांत तर पुष्कळ ठिकाणीं नुसते धोंडे दिसूं लागतात. पाणी टिकतें तें मधल्या मधल्या खोल खळग्यांत. कातळ झिजून झालेल्या अशा खोल जागेस नदीकाठचे लोक डोह किंवा कोंड म्हणतात. (कोंकणांत वाडीसही कोंड म्हणतात, परक्या मनुष्याचा येथें हमखास घोटाळा होतो.)

नदींतील बहुतेक मोठे मासे उन्हाळ्यांत अशा कोंडांच्या आश्रयास येतात. पहिल्या पावसाबरोबर ते बाहेर पडतात, चढत्या पाण्याविरुद्ध वर वर जातात, आणि ओढ्यांच्या उथळ पाण्यांत अंडीं घालून परततात. रायगडाकडे या चढणीला वलगण म्हणतात व वलगणीचे मासे पकडण्यासाठीं सारा गांव रात्रीं कंदील घेऊन शेतांत उतरतो. म्हणजे कोंड हें नदीचें बियाणें राखून ठेवणारें कोठार होय. या कोठाराची रचना मात्र अशी आहे कीं, तें लुटणें फार सोपें. चैत्रवैशाखांत कोंडांत गेळ्याचीं फळें अथवा रामेठ्याची साल कुटून टाकली, किंवा सुरुंगाची एक कांडी पेटवून फेंकली, म्हणजे लांबवरच्या नदीचें बीं एका सकाळींच नाहींसें होतें. अशा रीतीनें सह्याद्रींतील किती डोह ओस पडले याची मोजदाद कोणीं ठेवलेली नाहीं.

महाड तालुक्यांत वाळण गांवाजवळ काळ नदीच्या पात्रांत जो कोंड आहे, तो मात्र भरलेला आहे. त्याची मालकी वरदायिनी देवीची. त्या पाण्यांत गळ टाकावयाचा नाहीं, पाग फेंकावयाचा नाहीं, तेथील मासा मारावयाचा नाहीं आणि खावयाचा नाहीं, असा निर्बंध आहे. तो कोणत्याही सरकारी खात्याच्या हुकुमानें सुरू झालेला नसून देवीचा म्हणून पाळला जातो. दर्शनास येणारी मंडळी वरून चुरमुरे आणि लाह्या टाकतात. क्षणभर कांहींच होत नाहीं. मग काळसर हिरव्या पाण्याखालून एक लांबट सावली वर येते, तिच्या मागून दुसरी, आणि पाहतां पाहतां पाण्याला उकळी फुटल्यासारखें दिसूं लागतें. मोठ्या खवल्यांचे, जाड ओठांचे मासे एकमेकांच्या पाठीवरून उसळ्या घेत चुरमुरे टिपतात. माणसाच्या सावलीनें पळणें हा ज्या माशाचा स्वभाव, तो येथें माणसाची चाहूल लागतांच वर येतो. मुलांना हा चमत्कार वाटतो. मोठ्यांनाही वाटतो, पण ते तसें बोलून दाखवीत नाहींत.

हे मासे महशीर जातीचे. रोहू, कटला, मृगळ आणि विलायतेंतील कार्प ज्या कुळांतले, त्याच कुळांतली ही डोंगरी नद्यांची शाखा. मराठींत यास खडशी किंवा खुदरी म्हणतात, आणि हें दुसरें नांव शास्त्राच्या ग्रंथांतही जाऊन बसलें आहे. मुंबई सरकारच्या चाकरींत असलेला विल्यम सायक्स हा अधिकारी दक्षिणेची पाहणी करीत असतां पुण्याकडील नद्यांतले मासेही टिपून ठेवीत होता. १८३९ सालीं त्यानें त्यांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां कोळ्यांच्या तोंडचीं मराठी नांवें त्यानें टाकून दिलीं नाहींत. लॅटिन साजांत तशींच बसविलीं. मुळामुठेच्या पाण्यांतला खुदरी त्यामुळें साऱ्या जगाच्या प्राणिशास्त्रांत खुदरी म्हणूनच ओळखला जातो. सायक्साच्या इतर कामगिरीविषयीं कोणाचें कांहींही मत असो, हें एक औचित्य त्यानें पाळलें.

महशीर सावकाश वाढतो. रोहूकटल्याच्या मानानें त्याची मादी अंडीं थोडीं घालते आणि तींही टप्प्याटप्प्यानें. त्यांस स्वच्छ, खळाळतें पाणी आणि तळाशीं वाळूगोटे लागतात. गाळ बसला कीं अंडीं गुदमरतात. असा मासा एकदां नाहींसा झाला म्हणजे सहजीं परत येत नाहीं.

मासा पकडण्यांत पोट भरण्याहून निराळा आनंद आहे, ही कल्पना इंग्रजांनीं या देशांत आणली असें समजण्याचें कारण नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें १२ व्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ नांवाचा जो संस्कृत ग्रंथ रचिला, त्यांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदास स्वतंत्र स्थान दिलें आहे. ज्या ग्रंथांतील कांहीं पद्यें जुन्या मराठीचा नमुना म्हणून अभ्यासक वारंवार दाखवितात, तोच हा ग्रंथ. माशांच्या जाती, त्यांचीं वसतिस्थानें, त्यांस रुचणारीं आमिषें, गळ आणि दोरी यांचा विचार त्यांत एखाद्या गंभीर विद्येसारखा केला आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं हें प्रकरण विद्वानांपुढें आणलें, तेव्हां गळाच्या खेळाचा इतका जुना आणि इतका सविस्तर पुरावा पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटलें. मासा न मारण्याची आज्ञा तर याहूनही कितीतरी जुनी. अशोकानें राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनीं कोरविलेल्या स्तंभलेखांत वर्षांतील ठराविक तिथींस मासे मारूं नयेत व विकूं नयेत असें फर्माविलें होतें. खेळ आणि अभय या दोन्ही गोष्टी अशा रीतीनें या भूमींत पूर्वींपासूनच्या आहेत. परंतु दोहोंची सांगड मात्र कोणीं घातलेली नव्हती.

इंग्रजी अमदानींत महशीर हा साहेबांच्या गळाचा मानकरी ठरला. मद्रास इलाख्यांतील हेन्री सुलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ सालीं गळाच्या खेळावर एक ग्रंथच लिहिला आणि विलायतेंतील सॅमनपेक्षां महशीर अधिक झुंजार असल्याचा निर्वाळा दिला. थॉमसला नद्यांच्या नाशाचीही चिंता होती. पाण्यांत विष कालविणें आणि सुरुंग लावणें हे १८९७ च्या कायद्यानें गुन्हे ठरले. साहेबांचा खेळ मात्र माशाच्या मरणानेंच संपत असे. म्हैसूरकडील कबिनी नदींत १९४६ च्या मार्च महिन्यांत व्हॅन इंगेन यानें १२० पौंडांचा महशीर काढला. हा गृहस्थ मेलेल्या जनावरांत पेंढा भरणाऱ्या प्रसिद्ध घराण्यांतला. तेव्हां माशाच्या वजनाची नोंद व्यवस्थित राहिली, हें त्या माशाच्या दृष्टीनें फारसें समाधानकारक नसलें तरी इतिहासास उपकारक झालें.

पकडलेला मासा सोडून द्यावा हा विचार शिष्टसंमत झाला तो या शतकाआधींच्या शतकांत. अमेरिकेंत ली वुल्फ यानें १९३९ सालीं त्याचा जोरदार पुरस्कार केला. इंग्लंडांत १९५२ सालीं रिचर्ड वॉकर यानें रेडमायर नांवाच्या तळ्यांतून ४४ पौंडांचा कार्प काढला, तेव्हां त्यानें तो मारला नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जिवंत धाडला, आणि पुढें कित्येक वर्षें लोक त्या माशास नांवानें ओळखत. त्यानंतर तेथें कार्पाचा खेळ असा वाढला कीं, आज मासा काढावा, तोलावा, छायाचित्र घ्यावें आणि पाण्यांत परत सोडावा हा तेथील शिष्टाचारच झाला आहे. भारतांत ही रीत दृढ झाली ती मुख्यतः कावेरीकाठीं. महशीर उरला आहे किंवा नाहीं याचा शोध घेण्यास १९७७ च्या सुमारास तीन इंग्रज तरुण आले. त्यांस मोठे मासे सांपडले. पुढें बंगळूरच्या वन्यजीवप्रेमी मंडळींनीं आणि सरकारी छावण्यांनीं नदीचे कांहीं टापू राखले. पूर्वीं सुरुंग लावणाऱ्या कांहीं लोकांसच तेथें राखणदार आणि वाटाडे म्हणून नेमलें, ही त्या व्यवस्थेंतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

येथून पुढची हकीकत महाराष्ट्राशीं निगडित आहे. लोणावळ्यास टाटांच्या वीजकंपनीच्या वळवण तलावाशेजारीं १९७० नंतर डॉ. चं. वि. कुळकर्णी आणि श्री. ओगले यांनीं खुदरी महशीराचें कृत्रिम प्रजनन यशस्वी केलें. (लोणावळ्याचें वळवण निराळें आणि महाडचें वाळण निराळें.) असा दुर्मिळ मासा लाखांनीं निपजवितां येतो हें त्यांनीं दाखविलें, आणि तीं पिलें मोठ्या सद्भावनेनें देशांतील अनेक नद्यांत सोडण्यांत आलीं. कावेरीही त्यांपैकीं एक. परंतु कावेरींत तिचा स्वतःचा, पाठीस उंचवटा असलेला, नारिंगी पंखांचा महशीर होता. व्हॅन इंगेनचा मासा तोच. गळाच्या छावण्यांनीं पकडून सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद वहींत ठेविली होती. १९९८ ते २०१२ या काळांतल्या ६००० हून अधिक माशांच्या या नोंदी शास्त्रज्ञांनीं तपासल्या, तेव्हां दिसून आलें कीं, बाहेरून आलेला निळसर पंखांचा महशीर भराभर वाढला आणि मूळचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. त्या मूळच्या माशाचें शास्त्रीय नांव निश्चित झालें तें २०१८ सालीं, आणि त्याच वर्षीं तो नामशेष होण्याच्या अगदीं काठावर असल्याचेंही जाहीर झालें. बारशाच्या दिवशींच अशी वार्ता यावी हें दुर्दैव थोड्याच प्राण्यांच्या वांट्यास आलें असेल.

मराठींतल्या ‘सोडणें’ या एका क्रियापदाच्या पोटीं असे तीन निराळे व्यवहार आहेत. गळास लागलेला मासा सोडणें, हा एक. हौदांत वाढविलेलीं पिलें परक्या पाण्यांत सोडणें, हा दुसरा. आणि त्याचा परिणाम कावेरीनें भोगला. मासा जेथें आहे तेथें त्याला सोडून देणें, त्याच्या वाटेस न जाणें, हा तिसरा. वाळण कोंडांत चालतो तो हा. पहिल्यास तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. उलटा कांटा घासून टाकलेला गळ, ओले हात आणि थोडा वेळ, एवढें पाळलें तर महशीर बहुधा जगतो. फार वेळ झुंजविला अथवा हवेंत धरून ठेवला तर थकून जातो. शिवाय कावेरीचा मूळ मासा चालला आहे हें जगास कळलें तें गळवाल्यांच्या वह्यांमुळें, भाविकांच्या चुरमुऱ्यांमुळें नव्हे. श्रद्धा मोजदाद ठेवीत नाहीं. तो तिचा दोष आहे. पण ज्या उन्हाळ्यांत नदी आटून कोंडापुरती उरते, त्या वेळीं गळ टाकून सोडणें आणि गळच न टाकणें यांत माशाच्या दृष्टीनें फार अंतर आहे, आणि तेथें पारडें निःसंशय देवीच्या बाजूला झुकतें.

तथापि पावित्र्याच्या या व्यवस्थेकडे केवळ कौतुकानें पाहणें महाडच्या इतिहासाला धरून होणार नाहीं. याच तालुक्याच्या गांवीं १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉ. आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. कायदे कौन्सिलाचा ठराव १९२३ सालींच झालेला असतांही त्या तळ्यावर अस्पृश्य मानलेल्या माणसांस मज्जाव होता, आणि मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. माशांस पाण्यांत अभय देणारा आणि माणसांस त्याच पाण्यापासून दूर ठेवणारा धर्म एकाच मुलखांत नांदत होता. वाळण कोंडाचा नियम टिकवावयाचा तर तो सर्वांचा नियम म्हणूनच टिकवावा लागेल.

सह्याद्रीच्या या रांगेंत असे देवाचे डोह आणखीही आहेत. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसें, दक्षिणेस तुंगेकाठीं शृंगेरी, दक्षिण कानडा जिल्ह्यांत कपिलेवर शिशिल. देवराया म्हणजे जमिनीवरचीं अभयारण्यें हें वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्या अभ्यासामुळें १९७० नंतर सुशिक्षितांच्या ध्यानीं आलें; डोहांची दखल मात्र फार उशीरां घेतली गेली. हें अभय किती नाजूक आहे तें शिशिल येथें १९९६ सालीं दिसलें. कोणीतरी पाण्यांत विष कालविलें आणि असंख्य मासे उलटे होऊन तरंगूं लागले. गांवकऱ्यांनीं त्या माशांचें स्मारक उभारलें.

वाळणच्या देवीची आण कोंडापुरती आहे. महाडजवळच्या औद्योगिक वसाहतीनंतरच्या सावित्रीच्या पाण्यास ती लागू नाहीं, डोंगर खचून पुराबरोबर येणाऱ्या गाळास लागू नाहीं, आणि वलगणीच्या रात्रीं कोंड सोडून वर निघालेल्या माशासही लागू नाहीं. त्या वेळीं ओढ्याच्या तोंडाशीं पाग घेऊन उभा राहणारा मनुष्य पुष्कळदां त्याच पंचक्रोशींतला असतो. उन्हाळ्यांत त्याचीं मुलें त्या माशांस चुरमुरे घालतात. अंडीं घालून झाल्यावर, परतीच्या वाटेवर, त्यानें जाळें टाकलें तर नदीचें फारसें बिघडत नाहीं. चढणीच्या पहिल्या दोनचार रात्रीं त्यानें हात आवरला, तर कोंडांत पुढच्या वर्षीं किती मासे उरतील तें बव्हंशीं त्यावरच ठरतें.