ओटीतले तीनशे खडे

इजिप्तच्या वाळवंटात फेर्मे नावाचा एक डोंगर होता. चौथ्या शतकात तिथे शेकडो ख्रिस्ती तापस राहत. त्यांतल्या पौल नावाच्या एकाची हकिगत पलादिउसने लिहून ठेवली आहे. पलादिउस स्वतः त्या वाळवंटात वर्षानुवर्षं राहिला, पुढे बिशप झाला आणि इ.स. 420च्या सुमारास लाउसुस नावाच्या एका दरबारी अधिकाऱ्यासाठी त्याने तापसांच्या आठवणींचं पुस्तक केलं.

हा पौल काही कामधंदा करत नसे. पोटापुरतं मिळालं की त्याला पुरे. त्याचा उद्योग एकच, प्रार्थना. 300 प्रार्थनांचा त्याचा नेम होता. तितके खडे गोळा करून तो ओटीत घेऊन बसे आणि एक प्रार्थना झाली की एक खडा बाहेर टाकी. ओटी रिकामी झाली की नेम पुरा. प्रार्थना मोजण्याच्या साधनाची इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट नोंद ख्रिस्ती परंपरेत मला दुसरी ठाऊक नाही. आज वसईतल्या घरात खुंटीला लटकणाऱ्या जपमाळेची कुळी शोधत गेलं, की या ओटीपाशी येऊन पोचतो.

पण पौलाची गोष्ट खड्यांवर संपत नाही. एकदा तो फार खिन्न होऊन मकारिउस या थोर तापसाकडे गेला. का, तर एका गावात 30 वर्षं व्रतस्थ राहिलेली एक कुमारी आहे, ती फक्त शनिवारी आणि रविवारी जेवते आणि 700 प्रार्थना करते, असं त्याच्या कानावर आलं होतं. आपण मात्र 300च्या पुढे जाऊ शकत नाही, हे त्याला लागलं. मकारिउसचं उत्तर थोडक्यात असं : मला या वाटेवर 60 वर्षं झाली. मी नेमाच्या 100च प्रार्थना करतो, हातांनी काम करून खातो, बांधवांची विचारपूस करतो, तरी माझं मन मला दोष देत नाही. तू 300 करूनही तुझं मन तुला खात असेल, तर एक तर तू त्या शुद्ध अंतःकरणाने करत नाहीस, नाहीतर अंगात ताकद असून कमी करतोस.

जपमाळेची कुळकथा सांगायची तर या उत्तरासकट सांगायला हवी. मोजण्याचं साधन आणि मोजण्यातला धोका, दोन्ही एकाच पानावर जन्मले.

मुळात मोजायची गरज का पडली? येशूने शिष्यांना वारंवार जागं राहायला सांगितलं होतं; धनी कोणत्या घटकेला परतेल ते चाकरांना ठाऊक नसतं. दिव्यांसाठी सोबत तेल न घेता झोपी गेलेल्या पाच कुमारींचा दाखला त्याचाच. आणि पौल प्रेषिताने थेस्सलनीकाच्या मंडळीला अखंड प्रार्थना करत राहायला कळवलं होतं. वाळवंटातल्या माणसांनी हे शब्दशः घेतलं. पण अखंड म्हणजे कसं? मन तर माकडासारखं उड्या मारतं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे छोटी प्रार्थना, तीच पुन्हा पुन्हा. योहान कासियन या लेखकाने त्या वाळवंटातल्या इसहाक नावाच्या गुरूची शिकवण पुढे मार्सेयला बसून लिहून काढली. इसहाक म्हणतो, देवाला मदतीसाठी हाक मारणारी बायबलमधल्या स्तोत्र 70ची पहिली ओळ घ्या आणि खाता-पिता, कामात, झोपताना, उठताना तीच मनात घोळवा. नामस्मरणाच्या मुलखात वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये या ओळीची जागा हळूहळू येशूच्या नावाने घेतली. त्याला प्रभू म्हणून हाक मारायची आणि माझ्यावर दया कर म्हणायचं, एवढीच प्रार्थना. खड्यांच्या जागी आली गाठींची दोरी. ग्रीक तिला कोम्बोस्किनी म्हणतात, रशियन चोत्की. ती बहुधा काळ्या लोकरीची असते आणि एकेक गाठ अनेक क्रूस एकात एक गुंफून बांधलेली, म्हणजे सुटता सुटत नाही. साध्या गाठी सैतान रात्रीतून सोडवून टाकी, म्हणून ही क्रूसांची गाठ शिकवली गेली, अशी आख्यायिका मठांत सांगतात. 33, 50, 100, 300 अशा गाठींच्या दोऱ्या असतात. 300ची पाहिली की मला फेर्मेचा पौल आठवतो. लाकडी मणी एकमेकांवर आपटून वाजतात, लोकर वाजत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळू नये अशी ती सोय आहे.

पश्चिमेची वाट वेगळी. तिथल्या मठांत 150 स्तोत्रं म्हणण्याचा परिपाठ होता. ज्यांना लॅटिन वाचता येत नसे ते त्याऐवजी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणत आणि मोजायला दोरीत मणी ओवत. 11व्या शतकात कॉव्हेंट्रीच्या लेडी गोडायव्हाने आपली रत्नांची प्रार्थनामाळ मरताना मठातल्या मरियेच्या मूर्तीला दिली, असं माल्म्सबरीच्या विल्यमने लिहिलं आहे. 1268च्या सुमारास पॅरिसमधल्या धंद्यांचे नियम एत्येन ब्वालोने एकत्र केले, तेव्हा माळा करणाऱ्यांचे वेगवेगळे संघ होते : हाड आणि शिंगवाले निराळे, पोवळं आणि शिंपलेवाले निराळे, अंबरवाले निराळे. लंडनमध्ये सेंट पॉलजवळच्या गल्लीला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेचंच लॅटिन नाव पडलं. माळ आता मिरवण्याचीही वस्तू झाली होती, आणि मकारिउसने ज्याची शंका घेतली होती ते सगळं तिच्यात शिरायला मोकळं झालं.

तिला सावरलं ते ट्रियरच्या एका कार्थुसियन संन्याशाने. प्रशियाचा डॉमिनिक त्याचं नाव. तोवर माळेवर ‘नमो मरिये’ची प्रार्थना रुळली होती. 15व्या शतकाच्या आरंभी त्याने 50 ‘नमो मरिये’ना येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांची 50 छोटी वाक्यं जोडली. मोजता मोजता बघायचं : इथे गोठा, इथे बाप्तिस्मा, इथे क्रूस. ओठ एका नावावर, डोळे त्या चरित्रावर. या परंपरेतलं सर्वांत मोठं पाऊल मला हेच वाटतं, कारण इथून माळ म्हणजे येशूजवळ बसण्याची जागा झाली. संत डॉमिनिक हा निराळा; त्याला मरियेने स्वतः माळ दिली ही कथा याहून कितीतरी प्रसिद्ध आहे. ती ब्रिटनीच्या आलँ द ला रोशने पसरवली आणि त्यानेच 1470मध्ये दुएला जपमाळेचा भक्तसंघ काढला. 50 वाक्यं आटून 15 ‘रहस्यं’, म्हणजे मनापुढे आणायचे 15 प्रसंग, उरली. 1569मध्ये पोप पाचवे पायस यांनी त्या रूपाला मान्यता दिली. गोव्यात तोवर माळ पोचलीही होती; जुन्या गोव्यातलं जपमाळेच्या मातेचं चर्च 1540च्या दशकातलं आहे.

पूर्वेकडे गाठींची दोरी चालूच होती. रशियात 19व्या शतकात एका अनाम यात्रेकरूची आत्मकथा प्रसिद्ध झाली. अखंड प्रार्थना कशी करायची हे विचारत हा गरीब माणूस गावोगाव भटकतो. शेवटी एक वृद्ध गुरू त्याच्या हाती गाठींची दोरी देतो : रोज 3,000 वेळा येशूचं नाव घे. मग 6,000. मग 12,000. जीभ दुखते, अंगठा सुजतो. आणि त्यानंतर गुरू आकडाच काढून घेतो. आता वाटेल तितकं घे, जागेपणीचा प्रत्येक क्षण त्याला दे. पुढे यात्रेकरूच्या लक्षात येतं, की ओठ थांबले तरी आत ते चालूच आहे.

आमच्या वसईकडे ऑक्टोबरात घरोघर माळ होते, तेव्हा ‘प्रकाशाची रहस्ये’ही म्हटली जातात : यार्देनेतला बाप्तिस्मा, काना गावातलं लग्न, शेवटचं भोजन. ती 2002मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी घातली. त्यामुळे 15ची 20 रहस्यं झाली आणि 150 ‘नमो मरिये’च्या 200. स्तोत्रांशी शतकानुशतकं जुळत आलेला आकडा मोडला, म्हणून काहींना वाईट वाटलं. मला ते योग्य वाटतं. माळेवर येशूचं बाळपण होतं, मरण होतं, पुनरुत्थान होतं. लोकांत वावरलेली त्याची वर्षंच नव्हती. ज्याच्याजवळ बसायचं त्याचा चेहरा पुरता दिसावा, यासाठी हिशेब मोडला तर मोडू दे.