पालवणकर शिवराम

जोगेश्वरीच्या लेण्यांच्या माथ्यावरील कातळावर सायंकाळी मुले क्रिकेट खेळतात, आणि ज्याच्या हाती बॅट यावयास अद्याप अवकाश आहे असा एखादा पोर दूर कडेला चेंडूची वाट पाहत तिष्ठत उभा असतो, तेव्हा मला जुन्या काळचे फलंदाज पालवणकर शिवराम यांचे स्मरण होते. त्यांचे बंधू, गोलंदाज बाळू पालवणकर यांचे नाव आता पुष्कळांच्या कानांवर आहे. दुसरे बंधू विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहून आपली हकीकत स्वतःच नोंदवून ठेवली. शिवराम मात्र या दोन भावांच्या मध्ये झाकले गेले.

चर्मकार घराण्यातील हे बंधू पुण्याच्या लष्करी वस्तीत, गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या साहित्यावर खेळ शिकले. ज्या हिंदू खेळाडूंना बाळूंची गोलंदाजी हवी होती, त्यांनीच बाळूंना चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात दिला. पुढे फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळूंच्या जोडीस शिवरामही होते.

शिवरामांच्या कर्तृत्वाची खरी घटका १९११ सालच्या इंग्लंड-दौऱ्यात आली. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील तो भारतीय संघ पराभवांच्या मालिकेने खचत चाललेला असताना टॉन्टन येथे सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी नाबाद ११३ धावा काढल्या, बाळूंनी ५५ धावांची साथ दिली, आणि अवघा एक गडी हाती राखून सामना जिंकला गेला. परक्या हवेत, शेवटचा सोबती समोर उभा असता, न डगमगता टिकून राहणाऱ्या त्या फलंदाजाचे चित्र मला बाळूंच्या शंभर बळींच्या कीर्तीहून तिळभरही उणे वाटत नाही.

आणि १९२० साल तर त्याहूनही मोलाचे. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान या संघांच्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडताना बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी पडल्यावर विठ्ठलांचा हक्क डावलून ती जागा संघातील दुसरे खेळाडू देवधर यांच्याकडे गेली. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी जातिभेदाचा हा अन्याय जाहीर पत्रक काढून चव्हाट्यावर मांडला व संघातून अंग काढून घेतले. खेळावर ज्यांची सारी प्रतिष्ठा उभी, त्यांनी खेळच सोडावयास निघावे, याला केवढी छाती लागली असेल! लोकमत खवळले, अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार नेमणे चालकांना भाग पडले, आणि शिवराम व विठ्ठल पुन्हा मैदानात उतरले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले.